जुनी तारीख

चाललं होतं की चांगलं.
सुज्ञा हेच म्हणाली, आणि तिच्या जागी मी असतो
तर मीही हेच म्हणालो असतो.
पण गुरुवारची रात्र, उद्या सुट्टी,
पडद्यावर ते निळं बटण: नवी आवृत्ती उपलब्ध.
माझ्या बोटाला दम निघाला नाही.

एकसष्ट टक्क्यांवर थांबलं.
चहा झाला, दुसरा झाला,
एकसष्टच.
मग काळं. मग काळ्यात एक पांढरी रेघ
लुकलुकत, जशी
बँकेत काउंटरमागचा माणूस पापण्या मिटतो
आपला कागद परत सरकवण्याआधी.

चपलांच्या कपाटात, खालच्या फळीवर असते ती पेटी.
चार डिस्क, बारा वर्षं.
सुज्ञाच्या सहावी ब च्या प्रश्नपत्रिका,
भाडेकरार, निहारच्या कोपराचे एक्स-रे,
सासऱ्यांनी फोनवर सांगितलेली पंचामृताची कृती
आणि फोटो. किती, ते मलाही माहीत नाही.
मोजत बसलो असतो तर इतके ठेवलेच नसते.

फहाहीलमध्ये ऑगस्टात रात्री एक वाजताही
थंड पाण्याच्या नळाला चटका असतो.
तोंड धुऊन बनियनवर बसलो,
डिस्का एकेक बाहेर काढल्या.
चिकटपट्टीवर माझंच अक्षर, १ २ ३ ४,
ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी
स्वतःलाच हसलो होतो.

यंत्राचं घड्याळ पाहिलं:
एक जानेवारी, दोन हजार दहा.
म्हणजे आतली बॅटरी मेलेली, कधीची कोण जाणे.
भिंतीतून वीज येत होती तोवर
तिचं मरण कुणाला कळलं नाही.

खाली बकाला उघडा होता. मोइदूने
टॉर्चसाठी हवेत समजून मोठे सेल काढले.
मी अंगठा-तर्जनी जुळवून दाखवलं, एवढी.
अडीचशे फिल्स, तो म्हणाला. "बच्चे का खिलौना?"
हो, म्हणालो.

नाणं बसवलं. तारीख हाताने घातली.
यादीत जुनी आवृत्ती अजून होती,
सगळ्यात खाली, मार्चमधली,
नवीने हाकललं नव्हतं तिला.
तीच निवडली.

मग त्याने विचारलं, भाषांतर माझं:
हा साठा दुसऱ्या यंत्रणेचा आहे.
शेवटचा वापर तिकडेच झाला.
नीट निरोप न घेता आला आहे.
तरी आत घ्यायचा का?

मी जरा वेळ बसून राहिलो.
काचेपलीकडून, शिक्का हातात धरून,
एकदा कुणीतरी साधारण हेच विचारलं होतं,
आणि मी खिशातल्या पेनाचं बटण उगाच दाबत होतो.
हो, टाइप केलं. जबरदस्तीने, हो.

पहिली आली. दुसरी आली. चौथी आली.
तिसरी टकटक करत राहिली,
मजला चुकलेल्या पाहुण्यासारखी.
तीन पुरल्या. कशाबशा.

महत्त्वाचं आधी तपासावं ना? करार, प्रश्नपत्रिका?
बोट भलत्याच फाइलवर पडलं:
चौदा सेकंद, मंगफची पहिली खोली, रिकामी,
कॅमेरा हलतोय, फरशी, खिडकी, परत फरशी,
आणि तिचा आवाज भिंतींवर आपटत:
इथे पलंग. इथे... अरे, घुमतंय बघ. ए! ए!

"कोण आहे?"
आतून सुज्ञाने विचारलं, आजच्या, झोपेतल्या.
आली, डोळे चोळत उभी राहिली,
परत लाव म्हणाली. परत लाव.
मग पेटीकडे बघून, "हे काय टकटकतंय?"
तिसरी, म्हणालो. गेली ती.
"मग तिचा व्हिसा कॅन्सल कर. सकाळी."

खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत वाऱ्याने आडवी झालेली.
आम्ही तिथेच फरशीवर, चपला बाजूला सारून.
हॉलमध्ये आता सोफा, शोकेस, निहारची सायकल, इस्त्रीचं टेबल.
ती हळूच म्हणाली, ए.
काही घुमलं नाही.