एकशे बेचाळीस बाटल्या

आमच्याकडे द्राक्षाचा मांडव कमरेएवढाच.
उंच बांधला तर थंडी आत शिरते,
असं सासरे सांगत, आणि त्यांना त्यांचे सासरे.
दिवसभर तापलेले दगड
रात्री हळूहळू ऊब सोडतात,
ती वेलीला पोचली पाहिजे.
म्हणून तोडणी गुडघ्यांवर बसून,
कधी सरळ पाठीवर निजून.
तोंडावर पानं, पानांच्या फटीतून
मोंब्लांचं बर्फ.

वेली जुन्या आहेत, कलम केलेल्या नाहीत.
मुळं खाणारी ती कीड फ्रान्सभर हिंडली म्हणतात,
आमच्या चढावर तिला धाप लागली.

प्रोस्पेर मात्र एक मीटर त्र्याण्णव.
असल्या माणसानं या गावात जन्मायलाच नको होतं.
दर सप्टेंबरात एकदा तरी विसरायचा,
ताडकन उभा राहायचा,
आणि कपाळ थेट आडव्या दांडीवर.
मग शिव्या. आमच्या बोलीतल्या,
ज्या बोलीत आता पोरांना शिव्याही धड येत नाहीत.

गेल्या सप्टेंबरातही आपटला.
मी हसले. पलीकडच्या ओळीत लिदुइना
हसताहसता द्राक्षांच्या पाटीत बसली.

नोव्हेंबरात लाकडं फोडताना
तो जरा टेकला, तो टेकलाच.

टाकीतल्या रसाला हे कुणी कळवलं नाही.
तो आपला खालच्या खोलीत बुडबुडत होता,
रात्री मला वरपर्यंत ऐकू यायचा.
एकदा जाऊन म्हटलंही त्याला, गप रे.

मार्चात इलारिओ आला, आम्ही बाटल्या भरल्या.
एकशे बेचाळीस. एक फुटली, ती धरली नाही.
तुरिनहून दीर आला, अन्सेल्मो,
बुटांना चिखल लागू न देता म्हणाला,
"वहिनी, बारा बाजूला ठेव.
त्याच्या हातची शेवटची."
ठेवल्या. जिन्याखाली, घोंगडीत गुंडाळून.

बाकीच्या गेल्या.
सहा इलारिओला, मजुरी म्हणून.
टपालवाली मारिलेनाला दोन,
रस्त्यावरचं बर्फ लोटणाऱ्याला एक,
पाद्रींना डॉक्टरांनी बंदी केलीय, त्यांना तीन.
उरलेल्या विकल्या, घरपट्टी भरली.

प्रोस्पेर म्हणायचा,
ठेवून द्यायच्या त्या खालच्या दरीतल्या, तांबड्या,
पैसेवाल्यांच्या तळघरातल्या.
ही दुधासारखी. आली तशी प्यावी.
दोन वर्षांत फिकी पडते,
मग नुसतं आंबट पाणी आणि वर आपलं नाव.

ऑगस्टात एका संध्याकाळी
मी घोंगडी सोडली.
राईचा पाव, फोंतिनाचा तुकडा, एकच पेला.
हिरवं सफरचंद. कापलेलं गवत.
शेवटी जिभेवर ओला दगड,
लहानपणी ओढ्यातला चाटून बघायचो तसा.
मी त्याला शोधलं तिच्यात,
खोटं का सांगू.
तंबाखू नाही, लोकरीचा घामट वास नाही.
नव्हताच तो.
द्राक्षं होती, आणि त्या वर्षीचा वारा असेल थोडा.

बरंच वाटलं.
जिन्याखाली ठेवून
मला तो पुन्हा एकदा, सावकाश,
फिका पडताना बघायचा नव्हता.

अकरा राहिल्या. त्या तोडणीला आलेल्यांना दिल्या,
दुपारी, ओढ्यात गार करून.
दिराला फोनवर सांगितलं, संपल्या.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"पोराला पाठवतो मदतीला."

पोरगं आलं. एदोआर्दो, एकोणीस वर्षांचं,
काकावर गेलेलं, नुसतं उंच.
मी सांगितलं होतं, वाकून राहा.
चौथ्या ओळीत कुणीतरी हाक मारली
आणि ते उठलं.

दांडीचा आवाज मी ओळखते.

कपाळ धरून ते शिव्या देत होतं,
शहरी, गुळगुळीत, दूरचित्रवाणीवरच्या.
"अशी नाही," मी म्हटलं,
गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेले,
आणि त्याला खरा शब्द शिकवला.
दोनदा म्हणवून घेतला. उच्चार अजून कच्चा आहे.