व्याही किल्ला चढतात

किल्ला मी फक्त पाहुण्यांबरोबर पाहिलाय.
एरवी तो असतोच,
एजी ऑफिसच्या खिडकीत होता अठ्ठावीस वर्षं,
फायलींच्या मागे.

यंदा व्याही आले. ओरेस्ते.
पुढे काय लावायचं, राव की काका,
घरात अजून ठरत नाहीये.
तिकडच्या कुठल्याशा डोंगरावरच्या गावचे गवंडी,
वय चौऱ्याहत्तर, मार्चमध्ये लोकरीची टोपी.
दुभाषे दोघे, मंदार आणि सूनबाई,
घरी उलट्या घड्याळात झोपलेले.

उरवाई दरवाजाशी चढ लागला
तसे म्हणाले, "पियानो, पियानो."
म्हटलं, हो तर, आमच्याकडे पेटी आहे,
वृंदा वाजवते अजून, भजनापुरती.
वर जाऊन तिला फोनही केला.

कातळातल्या मूर्तींपाशी थांबले.
तोडलेले चेहरे नाही बघितले त्यांनी,
छिन्नीचे घाव बघितले, तिरपे, पावसाच्या रेघांसारखे,
आणि बोट फिरवलं एकावरून.
"अंकल, हाथ मत लगाइए!"
हात मागे घेतला,
मग हळूच बोटाचा वास घेतला.

मानमंदिराच्या भिंतीवरची निळी बदकं
त्यांनी मोजली. मी कधीच नव्हती मोजली.
त्यांचा आकडा कळला नाही मला.

तटाजवळ उकिडवे बसले.
गुडघे वाजले, त्यांचे की माझे.
काडीने धुळीत डोंगर काढला,
डोंगरावर गढी,
गढीच्या पायाशी घरं, घरं, घरं, एक घंटा.
मग अंगठ्याने एकेक घर पुसत गेले.
गढीला हात नाही लावला.
एक उरलं. त्यावर बोट टेकवून
तेच बोट छातीवर.

आणि काडी माझ्याकडे.

खाली लश्कर, हजिरा, लांब मुरार,
काळ्या टाक्या, वायरी, कुणाचा तरी लाऊडस्पीकर.
मी फक्त आमची गल्ली काढली.
मुळ्यांचं पुसलं, पोरं पुण्याला.
तळवलकरांचं पुसायला गेलो
तर त्यांच्या दारातल्या कोचिंगच्या सायकली आठवल्या,
पन्नास तरी, एकमेकींत अडकलेल्या.
राहू दिलं.
ते वाट बघत होते अंगठ्याची.
मी खांदे उडवले. तेही हसले, दात दोन कमी.

उतारावर पाय माझाच घसरला.
दंड घट्ट धरून म्हणाले, "पियानो."
तेव्हा कळलं, ते वाद्य नव्हतं.

घरी आलो तर
वृंदाने सतरंजी अंथरलेली,
पेटी मधोमध,
भाता पुसून-बिसून.