सुटी रिंग मिळत नाही

रेयांश मढवी, इयत्ता दुसरी,
मागच्या सीटवरून रोज सांगायचा,
"काकू, पेट्रोल पंप आला."
पंप कुठला, आत्ता कुठे गोठिवलीचं वळण.

चार मुलं, चार दप्तरं आणि तो वास,
गाडी उन्हात उभी राहिली की दुप्पट.
मी काचा उघड्या टाकून चालवायचे
आणि मुलं शाळेत डोकं धरून उतरायची.

सर्व्हिस सेंटरच्या पोराने टॅबवर बोट फिरवलं.
"मॅडम, टाकीच्या तोंडाशी लीक आहे.
सुटी रिंग मिळत नाही,
पंपासकट अख्खा सेट येतो. अकरा हजार चारशे."
"आणि नुसती रिंग केवढ्याची?"
"ती येतच नाही ना, मॅडम."

बावीस वर्षं मी नुसत्या रिंगाच बघितल्या.
रबाळेत, पत्र्याच्या शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली,
दिवसाला चार हजार.
डावा अंगठा आतून, उजवं नख बाहेरून,
नापास ती लाल ट्रेमध्ये.
मग कंपनी गुजरातला गेली.
मशिनं ट्रकवर चढली,
आम्ही सुट्या राहिलो.

रविवारी मागची सीट उचलली.
बिल्डिंगमागे, सावलीत,
इंजिन गार, बॅटरीची वायर काढून.
शेजारचे तांडेल पेटती उदबत्ती घेऊन
औदुंबराकडे निघाले होते,
त्यांना म्हटलं, आज देवाला लांबून जा.
लाकडी ठोकळा लावून कडं हळूहळू ठोकलं,
लोखंडाला लोखंड लागू द्यायचं नाही.
रिंग निघाली. चपटी, कडक,
एका जागी केसाएवढी चीर.
लाल ट्रे, म्हणाले मी. तिथे कुणी नव्हतं.

पहिली कापली सायकलच्या ट्यूबची.
मला माहीत होतं. तरी कापली.
आठव्या दिवशी फुगून आली
भिजत घातलेल्या वालासारखी,
साल सुटायच्या बेतात.
साधं रबर पेट्रोल पितं, हे मीच
नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचे.

मग बटणांचा डबा काढला.
तळाशी नायट्राइलची काळी दोरी, दीड मीटर,
शेवटच्या दिवशी टिफिनमधून आणलेली.
वॉचमनने वरचा कप्पा उघडला,
भाकरी बघितली, मिटला.
बावीस वर्षांतली तेवढी एकच चोरी,
आणि कशासाठी, ते तेव्हा
मलाही सांगता आलं नसतं.

खाचेत सुती दोरा फिरवला. सदतीस सेंटिमीटर,
त्यातून तांदळाचा दाणा वजा.
नवं ब्लेड. काप तिरका,
सरळ कापला तर सांधा
ताण आला की तोंड उघडतो.
चिकटद्रव्याचा एक थेंब, दोन्ही टोकं समोरासमोर,
आणि तीस आकडे मोजले, श्वास धरून,
बाळाच्या टाळूवर तेल जिरवताना
थांबतो तसं थांबून.
रात्रभर ठेवली.
सकाळी डावा अंगठा आतून, उजवं नख बाहेरून.
सांधा कुठे आहे, दोनदा चुकले.

कडं बसवलं. भोवती साबणाचं पाणी सोडलं,
गुडघ्यावर बसून बघत राहिले.
एकही बुडबुडा नाही.
किती वेळ बघावं याचा काही नियम नाही,
मी तांडेल परत येईपर्यंत बघितलं.
"काय हरवलं का?" म्हणाले.

सोमवारी कुणी काही बोललं नाही.
मंगळवारीही नाही.
बुधवारी रेयांश म्हणाला,
"काकू, आज पंप आलाच नाही."
आरशात मला माझेच दात दिसले.

दोरी उरलीय एक मीटर तेरा.

रबाळेच्या सिग्नलला तो गोडसर धूर
आपल्या वेळेवर येतो.
रस्त्यावरचे सगळे नाकाला रुमाल लावतात,
रिक्षावाला, हवालदार, माझी चार मुलं.
काचा वर घ्या रे, म्हणते मी.
मागची डावी पूर्ण वर जात नाही.
तिचं रबर बघायचंय.