वाफसा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी
बोगुमिवाबाईंनी कुंपणावरून हाक मारली :
"मूठभर माती घे. दाब. आता सोड."
गोळा झाला तो गोळाच राहिला.
"ओली आहे. जा घरी."

बाई मोठ्यानेच बोलतात.
एकतीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभ्या होत्या;
गिरणी बंद झाली, त्या बाहेर आल्या,
कान आतच राहिले.
वूच शहरात आता त्या गिरणीत
महागडी कॉफी मिळते म्हणे.
बाई अजून गेल्या नाहीत बघायला.

पुढच्या रविवारी गोळा
अंगठ्याच्या नुसत्या धक्क्याने भुगा झाला.
फाटकापाशी फोर्सिथिया पिवळीधमक.
"कॅलेंडर खोटं बोलेल, हे झुडूप नाही बोलायचं,"
म्हणाल्या, आणि एप्रनच्या खिशातून
निळ्या सुताचं रीळ काढलं.
शेवटच्या पाळीला आणलेलं,
कुणाला न विचारता.

दोन खुंट्या, मधे सूत.
"ताण नीट, योव्हिता. ताणा वाकडा,
तर कापड वाकडं."

बाकला दोन पेरं खोल, वीतभर अंतराने.
वाटाणा रात्रभर भिजवलेला,
उंदरांचा वाटा धरून थोडा दाट.
कांद्याच्या कंदांची शेंडी वर ठेवायची नाही,
पाखरं गंमत म्हणून उपटतात.
पालक सावलीच्या कडेला.
शेपूला ओळ नको, नुसता उधळ,
त्याला कुठे राहायचं ते त्याला कळतं.
बटाटे? ते अजून आठ दिवस खिडकीत,
अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे फुटेपर्यंत.

आणि पार्सली, मुळांची.
तिच्याच ओळीत मधूनमधून मुळ्याचं बी.
"मुळा आठवड्यात वर येतो, ओळ दाखवतो.
ही बया महिना घेते.
तोवर तू विसरशील आणि कुदळ घालशील."

मी म्हटलं, घरी टोमॅटोची रोपं झालीत,
बोटभर उंच, आणू का?
बाई हसल्या, दोन वाफे पलीकडचा
रेमिगियुश वळून पाहील इतक्या :
"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!
मेच्या मध्यावर तीन थंड माळी येतात,
पान्क्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी.
चौथ्या दिवशी थंडगार झोश्का.
ती गेली की टोमॅटो. ती गेली की काकडी."

मी ट्राम चालवते.
पहाटे पावणेचारला डेपो,
दोन मिनिटं उशीर झाला
तर थांब्यावरची माणसं
काचेतून मनगट दाखवतात.
मातीला कुठून दाखवू मनगट?

नवव्या दिवशी मुळा आला, दोन दोन पानं,
ओळ अगदी सुतासारखी.
पार्सलीचं नाव नाही.
अठराव्या दिवशी नाही.
तेविसाव्या दिवशी पाळी संपवून
अंधारातच गेले, कपाळाला दिवा बांधून,
आणि चहाच्या चमच्याने
हळूच, नखभर, उकरलं.
एक बी सापडलं. फुगलेलं, की मलाच वाटलं?
परत ठेवलं. माती ओढली.
घरी जाताना अपराध्यासारखी
मागच्या फाटकाने गेले.

रविवारी बाई माझ्या वाफ्यावर वाकल्या.
चमच्याची खूण दवानेही मोडली नव्हती.
मी बोलणी खायला तयार होते.
त्यांनी इकडे तिकडे पाहिलं,
जणू मुकादम कुठेतरी उभा आहे,
आणि मी पहिल्यांदाच
त्यांचा हळू आवाज ऐकला :
"मी दरवर्षी एक वाटाणा उकरते.
एकच. बघते, झाकते."

तो उगवतो का नंतर, मी विचारलं.
ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असावं.
निळं रीळ त्यांनी माझ्याकडे फेकलं.
"धर. बीट राहिलंय अजून."