मैत्रिणीसाठी विचारते

बोर्ड रंगवायला आलेला इनास ब्रश धरून थांबला:
नावाखाली काय लिहू, दोतोर?
त्याच्या वहीत या कामाला एकच शब्द होता, गुप्तरोग,
म्हापशाच्या बसस्टँडमागच्या भिंतीवर
त्यानंच तो शंभरदा रंगवलेला.
मी म्हटलं, गुप्त नको.
मग उरला रोग. तोही नको म्हटलं.
इनासनं पैसे अर्धेच घेतले.
डॉ. पद्मजा धुमे. नऊ ते एक. शुक्रवारी दिवसभर.

शुक्रवारी, कारण शुक्रवारी बाजार.
शिवोलीहून, अस्नोड्याहून, थिवीच्या फाट्यावरून
त्या दिवशी म्हापशाला यायला कुणालाच कारण लागत नाही.
जिन्यावर पाय वाजतात, अर्ध्यावर थांबतात,
खाली जातात.
आतून केरुबिना मोजते, सिरिंजी उकळताना सांगते:
"तिसरे खेपेक येतलो."
येतोच. हातात पुरावा घेऊन: मयड्याची केळी,
खाऱ्या बांगड्यांची पुडी,
एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी,
सगळी तपासणीभर टेबलाखाली माझ्या चपलेवर बसून होती.

आणि पहिलं वाक्य ठरलेलं.
मैत्रिणीसाठी विचारते.
मित्राला झालंय.
मैत्रीण का नाही आली, असं मी कधी विचारलं नाही.
मैत्रिणीला सांग, पाळी चुकली तर आधी चाचणी, मग रडणं.
मैत्रिणीला सांग, नको कधीही म्हणता येतं,
हो म्हटल्यावरसुद्धा.
मैत्रिणीला सांग, मिलाग्रीसच्या फेस्तात समोर आलीस
तरी मी तुला ओळखणार नाही,
मी काकणांचे भाव विचारत असेन.

मित्रांचं वेगळं.
एका मित्रानं फुटबॉलचे बूट विकून
हकिमाचं चूर्ण घेतलेलं, रात्रीच्या स्वप्नांवर.
तुला काहीही झालेलं नाही, मी म्हटलं.
तो हिरमुसला. दोतोर, निदान एक गोळी?
मी चिठ्ठीवर लिहिलं:
बूट, एक जोड, रोज संध्याकाळी.

सालूचं मात्र कुणाला सांगत नाही.
पंच्याण्णव साल. शर्टाच्या आत खुरीस, आवाज नुकता फुटलेला.
तो मित्रासाठी आला नव्हता, स्वतःसाठी आला होता,
पहिल्याच खेपेला, जिन्यात न थांबता.
हातात केळीसुद्धा नव्हती.
मन कुणावर बसलंय ते त्यानं नाव घेऊन सांगितलं,
नाव मुलाचं होतं.
आणि मी, बोर्डावरचे शब्द पुसायला लावणारी मी,
म्हटलं: जाईल हे. वयाबरोबर जाईल.
त्यानं फी विचारली. दिली.
पुढं कुणी म्हणालं बाहरेनला गेला,
कुणी म्हणालं, छे, तो नव्हे.
ते वाक्य परत घ्यायला
मी तीस वर्षं जिन्याकडे कान देऊन आहे.

गेल्या महिन्यात बांबोळीला गेले.
रांगेत बसले, पिशवीत कारण ठेवून:
जाऊ ॲडमिट आहे, तिला फळं द्यायला आले.
जावेचा पत्ता म्हणाल तर ती मडगावला टीव्ही बघत होती.
केस पेपर हातात आला, नंबर पुकारला.
आतली डॉक्टरीण माझ्या अर्ध्या वयाची,
कानात मोत्याचा एकच खडा, पेन उघडलेलं.
इतकी वर्षं मी पोरांना अवयवांची नावं
मोठ्यानं म्हणायला लावली.
खालचं, तिथलं, ते, असं नाही. त्याला नाव आहे, नाव घे.
आणि माझ्या डाव्या स्तनातल्या त्या चिंचोक्याएवढ्या गाठीजवळ
पोचताना जीभ जिन्यात थांबली,
खाली गेली,
आणि परत आली तेव्हा म्हणाली,
एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं.

तिनं मान वर केली नाही.
फक्त खुर्ची जराशी पुढं ओढली.
बरं, म्हणाली. मैत्रिणीचं वय काय?

मी केळी मांडीवरून खाली ठेवली.