खंड क्षमापित

हिंगोली. आस्थापना शाखेतून निवृत्त झालो तेव्हा
एक कोरं सेवापुस्तक माझ्यासोबत घरी आलं,
चुकून, असं समजा.
परवा दस्तगीरची शाहीन आली.
फ्रेंच शिकते संभाजीनगरला.
हातात एका शिडाच्या लढाऊ जहाजाचे कागद.
ती वाचत गेली, मी भरत गेलो.

नाव : ला पासियांत. म्हणजे धीराची.
स्वग्राम : ओकचं एक रान, आता नाही.
रुजू : मार्च १७८१, मध्यान्हपूर्व.
(मध्यान्हपूर्व मी घातलं. त्याशिवाय रुजू होता येत नाही.)
ओळखीची खूण : डाव्या कुशीत, पाण्याखाली,
गोळ्याचं भोक, शिशाच्या पत्र्यानं बुजवलेलं.
अंगठ्याचा ठसा : निरंक.

बदली, मॉरिशस. बदली, पुदुच्चेरी.
प्रवासभत्ता दिल्याची नोंद नाही.
बत्तीस तोफा, दोनशे साठ माणसं.
एकदा एकवीस दिवस वारा पडला,
पिंपांत किडे झाले,
माणशी अर्धा शेर पाणी, तेही पहाऱ्यात.
आमच्या गल्लीत टँकर आला की
कांताबाई काठी घेऊन उभी राहते, तसा पहारा.

पुढं इंग्रजांनी धरली. नाव बदललं.
"राजपत्र जोडलंय का?"
शाहीन हसली.
मग पदावनती : डोलकाठ्या काढून दवाखाना,
दवाखान्याचा तुरुंग,
शेवटी फोडून जळण. किती मण, ते मात्र लिहिलेलं आहे.
पेन्शन नाही. वारस नाही.

पण धरली जाण्याआधी,
चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यापासून दहा महिने,
कागदच नाही.
कुठं होती, कुणाला माहीत.
"काका, इथं काय घालू?"

दस्तगीरच्या पुस्तकातही होता एक खंड.
एकोणीस दिवस, बायकोच्या बाळंतपणातले.
अर्ज माझ्याच टेबलावर आला होता.
मी नियम दाखवला, पान क्रमांकासह.
मागची अकरा वर्षं धुऊन गेली त्याची.
तो काही बोलला नाही,
नेहमीसारखा पानाचा डबा पुढं केला.
मी पान घेतलं.

शाहीन त्याच एकोणीस दिवसांतली.
तिला ठाऊक नसावं. की असावं.

लाल शाईची दौत शोधली, वाळली होती.
दोन थेंब पाणी घालून हलवली
आणि समासात लिहिलं :
खंड क्षमापित करण्यात येत आहे.
सही केली. खाली हुद्दा लिहायला गेलो
आणि पेन तसाच धरून बसलो.

शाहीन वाकून फुंकर घालत होती,
अक्षर वाळावं म्हणून.