अगोदर परवानगी

फोन उचलला की मी आधी नाव विचारत नाही.
आधी विमानाचं वजन, मग पंखांची लांबी,
मग आत जीव किती.
नाव शेवटी.
स्कारवोयच्या धावपट्टीला नावाशी देणंघेणं नाही,
वाऱ्याशी आहे,
आणि चोवीस तास आधी कळवण्याशी.

"एक इंजिन," ती म्हणाली. "सातशे साठ किलो.
जीव एकच, तोही जुना."
हसली की खोकली, कळलं नाही.
फ्योर्डपलीकडून येणारा आवाज
नेहमीच अर्धा ओला असतो.

मग मी वाचायला लागलो, रोज वाचतो तसं,
मध्ये श्वास न घेता:
शुक्रवारी दुपारी दोननंतर पाहुण्या विमानांना मज्जाव,
लढाऊ विमानं हवेत असतील तर सुळक्याच्या दक्षिणेला थांबावं,
वळसा डावीकडूनच घ्यावा,
कॅमेरा पिशवीत, पिशवी बंद,
उतरल्यावर पिवळ्या गाडीच्या मागे राहावं,
गाडी थांबली की थांबावं,
नुकसानीला राज्य जबाबदार नाही, सही तीन ठिकाणी.
उजवीकडून वळसा का नाही, ते पुस्तकात लिहिलेलं नाही.
उजवीकडे दारूगोळ्याची कोठारं आहेत,
हे गावातल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे.

"कलम अकरा," मी म्हटलं, आणि ती मध्येच बोलू लागली:
"धावपट्टीवर पोलादी दोर आडवा ताणलेला असतो.
हलक्या विमानांनी दोर ओलांडून, पलीकडेच चाकं टेकवावीत.
दोरावरून घरंगळत जाऊ नये."

शब्दन् शब्द. स्वल्पविरामासकट.
वीस वर्षं मी या खुर्चीत बसतोय,
मला अजून पुस्तक उघडावं लागतं.

गुरुवारी सव्वाबाराला आली.
शेपटीला चाक असलेलं, पत्र्याला पत्रा जोडलेलं विमान,
आडव्या वाऱ्यात खेकड्यासारखं तिरकं.
दोराच्या अलीकडे ते हातभर वर उचललं गेलं,
जसं कुणी झोपलेल्या माणसाला ओलांडतं,
आणि पलीकडे टेकलं.

पिवळ्या गाडीत एंद्रे होता, एकोणीस वर्षांचा,
भरतीला चार महिने झालेला.
तो निघाला, ती निघाली नाही.
गाडी पुढे, विमान मागे उभं,
इंजिन चालू, तोंड मात्र दोराकडे वळवलेलं.
टॉवरनं दोनदा विचारलं.
तिसऱ्यांदा विचारायच्या आत ती हलली.

नाव: रागना ह्यूसेबी. वय: एकाहत्तर.
माझ्या टेबलाशी बसून तिनं तीन ठिकाणी सही केली,
वाचलं नाही.
मी कॉफी दिली, कालचं वाफल दिलं, वर तपकिरी चीज.

"तेव्हा कलमं दहाच होती," ती म्हणाली.
"फेब्रुवारी. अंधार. टपालाच्या थैल्या,
आणि मागच्या सीटवर आस्लाक.
दोराबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं,
कुणी विचारायचं हेही ठरलं नव्हतं.
चौकशीत विचारलं, काय करायला हवं होतं?
मी सांगितलं. एका पोरानं टाइप केलं.
ते वाक्य माझं आहे.
फक्त 'घरंगळत' माझं नाही.
मी 'घासत' म्हटलं होतं."

मी पेन्सिल पुढे केली.
तिनं घेतली नाही.
"राहू दे. चाळीस वर्षं चाललंय ना."

मग खिडकीकडे बघत वाफल संपवलं, कडेचे तुकडेसुद्धा.
उतरण्याचा आकार तीनशे बारा क्रोनर.
पावती मागितली, घडी घातली, खिशात ठेवली.

फॉर्मवर एक रकाना कोराच राहिला होता:
भेटीचं कारण.
रिकामा ठेवला तर वरचे लोक फोन करतात,
आणि खरं लिहिलं तर त्यासाठी जागा अडीच इंच आहे.

ती निघाल्यावर एंद्रे आत आला, बूट झटकत.
"टाकी पाऊण भरलेली होती," म्हणाला,
"मग उतरली कशाला?"

मी रकान्यात लिहिलं: इंधन.
आणि त्याला म्हटलं, दार लाव, वारा येतोय.